गाईड मिटव, पोरी, मग स्टॅटिस्टिक्सचं बोलू

पत्र असं आहे:

"मावशी, मी बारावी कॉमर्सला आहे. शिवाजी पेठेत राहते. प्रिलिमला मॅथ्समध्ये ८० पैकी ३१ पडले, आणि त्यातले स्टॅटिस्टिक्सच्या भागात ४० पैकी फक्त ९. घरी मला सगळी गणितं येतात. रिग्रेशनचा धडा तर मी गाईड समोर ठेवून तीन वेळा केलाय, दोन वह्या भरल्या. गुणाकार-भागाकार मोबाईलवर करते म्हणजे वेळ वाचतो. पण पेपर हातात आला की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. मैत्रीण म्हणते, स्टॅट्स सोडून दे, पहिल्या भागावर जोर लाव. आकडे आमच्यासारख्यांच्या डोक्यात बसतच नाहीत बहुतेक. आबा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. त्यांना मार्क अजून सांगितलेले नाहीत. परीक्षेला पाच आठवडे राहिलेत. काय करू?"

पोरी, आधी मैत्रिणीच्या सल्ल्याचं बोलते, कारण तो ऐकलास तर पुढचं काही लिहायला उरत नाही. स्टॅट्स सोडायचं नाही. पेपर ८० गुणांचा, दोन भाग, चाळीस-चाळीसचे. अर्धा पेपर कोरा सोडून उरलेल्या अर्ध्यावर सगळा भार टाकायचा, हा हिशेब कुणाच्याच फायद्याचा नाही. आणि माझा अनुभव उलटा आहे. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला हाच विषय शिकवला. पाच आठवड्यांत गुण वाढवायचे असतील तर दुसऱ्या भागाएवढी भरवशाची जागा नाही. इंटिग्रेशनमध्ये कुठलं सबस्टिट्यूशन घ्यायचं ते कधीकधी सुचावं लागतं. निर्देशांकाच्या, म्हणजे भाव किती वाढले ते मोजण्याच्या, गणितात सुचण्यासारखं काही नसतं, तिथं ओळखायचं आणि नीट करायचं. शिवाय दुसऱ्या भागातली बरीचशी गणितं स्वतःचं उत्तर स्वतःच तपासून देतात. ते कसं, हे खाली सांगतेच.

आता तुझ्या पत्रातल्या दोन वाक्यांकडे येते. "गाईड समोर ठेवून तीन वेळा केलाय" आणि "मोबाईलवर करते". तुझे ९ गुण या दोन वाक्यांत आहेत. तुझ्या डोक्यात नाहीत.

गाईड समोर असताना तू गणित सोडवत नाहीस, समजून उतरवतेस. पुढची पायरी दिसते, पटते, हात चालतो, आणि मनाला वाटतं की आलं. पण पुढची पायरी कोणती हे ठरवण्याचं काम त्या वेळी गाईडनं केलेलं असतं. परीक्षेत नेमकं तेच तुझ्यावर येतं. दुसरं असं की धडा रिग्रेशनचा, म्हणून प्रत्येक गणित रिग्रेशनचंच. हे कशाचं गणित आहे असा प्रश्न घरी तुला एकदाही पडलेला नाही. पेपरात कुणी वर धड्याचं नाव लिहून देत नाही.

हे मला फार उशिरा कळलं. पहिली दहा-बारा वर्षं मी फळ्यावर सुंदर गणितं सोडवून दाखवायची. मुलं माना डोलवायची, मी खूश व्हायची. मग एकदा तोच फळा पुसला आणि तेच गणित, आकडेही न बदलता, लगेच करायला दिलं. वर्गातल्या निम्म्या मुलांचा हात तिसऱ्या ओळीला थांबला. त्या दिवसापासून माझं शिकवणं बदललं. आधी मुलांनी अडायचं, मग मी फळ्याकडे वळायचं.

तेव्हा आज संध्याकाळी एक काम कर. स्टीलचा एक रिकामा डबा घे. दुसऱ्या भागात आठ धडे आहेत. प्रत्येकातली सहा-सहा गणितं निवड आणि एकेका चिठ्ठीवर एकेक उतरव. धड्याचं नाव लिहायचं नाही, उत्तरही नाही. पान क्रमांक मागं बारीक अक्षरात चालेल. अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या झाल्या की डबा हलव. रोज पाच काढायच्या, कोऱ्या कागदावर सोडवायच्या, गाईड दुसऱ्या खोलीत. अडलीस तर दहा मिनिटं अडूनच राहा. ती दहा मिनिटं वाया जात नाहीत, कारण आपल्याला काय येत नाही हे त्याच वेळात कळतं. मग गाईड उघड, अडलेली एकच पायरी बघ, परत मिट आणि पुढचं स्वतः कर. जे चुकलं ती चिठ्ठी परत डब्यात. जे बरोबर आलं ती दुसऱ्या डब्यात, आणि आठवड्यानं तो डबाही उघडायचा.

जेवण झाल्यावर आणखी एक खेळ. वीस चिठ्ठ्या काढ आणि एकही सोडवू नको. फक्त तोंडानं सांग: काय दिलंय, काय मागितलंय, कुठली रीत लागणार. पंधरा मिनिटं पुरतात. पेपर हातात आला की सुरुवात कळत नाही, ही तुझी तक्रार याच खेळानं जाईल. वही भरून ती गेली नसती.

आता गणितांकडं. रिग्रेशनपासून, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज काढण्यापासून, सुरुवात करू, कारण तू त्यावर सगळ्यात जास्त घाम गाळलायस.

हमखास येणारा प्रकार असा: दोन रेषांची समीकरणं देतात, कुठली वाय ऑन एक्स (एक्सवरून वायचा अंदाज) आणि कुठली एक्स ऑन वाय ते सांगत नाहीत, आणि दोन्ही सरासऱ्या व सहसंबंध गुणांक, म्हणजे आर, मागतात. समज, २एक्स + ३वाय = २४ आणि ३एक्स + २वाय = २६. दोन्ही रेषा सरासरीच्या बिंदूतून जातात, म्हणून दोन समीकरणं एकत्र सोडवली की सरासऱ्या मिळाल्या: एक्सची ६, वायची ४. इथपर्यंत सगळ्यांना येतं. पुढं मुलं अडतात, कारण रेषा ओळखायच्या कशा ते माहीत नसतं. ओळखायच्या नाहीतच, आधी धरून चालायचं. पहिली वाय ऑन एक्स धर. मग तिचा रिग्रेशन गुणांक, म्हणजे वाय एकटा काढल्यावर एक्सच्या पुढचा आकडा, उणे दोन-तृतीयांश. दुसरी एक्स ऑन वाय, तिचाही उणे दोन-तृतीयांश. दोघांचा गुणाकार चार-नवमांश, म्हणजे १ पेक्षा कमी. धरलेलं बरोबर. उलटं धरलं असतंस तर दोन्ही गुणांक उणे दीड आले असते आणि गुणाकार २.२५. तो गुणाकार म्हणजे आरचा वर्ग, आणि आरचा वर्ग १ च्या वर कधी जात नाही. म्हणजे गणितानंच सांगितलं की रेषांची अदलाबदल कर.

आता शेवटची पायरी, जिथं दरवर्षी गुण जातात. आरचा वर्ग चार-नवमांश, म्हणून मुलं आर बरोबर दोन-तृतीयांश लिहितात आणि खूश होतात. चूक. दोन्ही गुणांक उणे आहेत, म्हणून आरही उणे. दोन्ही रिग्रेशन गुणांकांचं चिन्ह नेहमी एकच असतं, आणि आर तेच चिन्ह घेतो. एक उणे, एक अधिक आलं तर पुढं जायचंच नाही, मागं कुठंतरी चुकलंय.

रेषा दोन का असतात, हे कुणी तुला सांगितलंय का? फ्रान्सिस गॉल्टननं १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला. उंच आईबापांची मुलं उंच असतात खरी, पण सरासरीकडं थोडी परततात. त्या परतण्यालाच त्यानं रिग्रेशन म्हटलं. आता आईबापांवरून मुलांच्या उंचीचा अंदाज करणं वेगळं आणि मुलांवरून आईबापांच्या उंचीचा अंदाज करणं वेगळं. म्हणून रेषा दोन. एवढं लक्षात राहिलं की "एक्स ४० असताना वायचा अंदाज करा" असं आलं तरी हात अडणार नाही. ज्याचा अंदाज मागितलाय, त्याची रेषा: वाय ऑन एक्स.

तक्त्याचं गणित आलं तर आणखी एक पहारेकरी आहे. सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज शून्य यायलाच हवी. एक्सच्या फरकांचा स्तंभ झाला की लगेच बेरीज कर, शून्य आली तरच पुढचा स्तंभ आख. आणि सरासरी अपूर्णांकात आली तर फरकांच्या वाटेला जाऊच नको, सरळ बेरजांचं सूत्र वापर. मुलं ६.४ सारखी सरासरी घेऊन फरकांचे वर्ग करत बसतात आणि वीस मिनिटं घालवतात.

निर्देशांक. इथं नावांचीच भीती असते. लॅस्पेअर्स आणि पाशे हे दोघे जर्मन अर्थशास्त्रज्ञ, एकाचं सूत्र १८७१ चं, दुसऱ्याचं १८७४ चं. तू ते आईच्या पिशवीनं लक्षात ठेव. लॅस्पेअर्स म्हणतो, जुन्या वर्षी पिशवीत जेवढं सामान होतं तेवढंच आजच्या भावानं घेतलं तर किती पटीनं पैसे लागतील? म्हणजे माप जुनं. पाशे म्हणतो, आज जेवढं सामान घेतो तेवढंच धरा. म्हणजे माप नवं. दोघांच्यातही वर नवा भाव, खाली जुना भाव. फरक फक्त मापाचा.

आता बेरजा समज अशा आल्या. जुन्या मापाला जुना भाव लावून २००, नवा लावून २५०. लॅस्पेअर्स १२५. नव्या मापाला जुना भाव लावून २४०, नवा लावून २८८. पाशे १२०. फिशर म्हणजे दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, साधारण १२२.४७. डॉर्बिश-बाउली म्हणजे दोघांची साधी सरासरी, १२२.५०. मार्शल-एजवर्थ म्हणजे ५३८ भागिले ४४०, गुणिले १००, साधारण १२२.२७. बघ, तिन्ही उत्तरं १२० आणि १२५ च्या मध्येच आहेत. ती नेहमीच तशी येतात. फिशर १३१ आला तर समजायचं, चूक तुझ्या वर्गमुळात किंवा बेरजेत आहे. एवढी तपासणी करायला दहा सेकंद लागतात. वॉल्शच्या सूत्रासाठी मात्र मापांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढावं लागतं, म्हणून त्याची दोन-तीन गणितं वेगळी करून ठेव.

टाइम सिरीज तुला कोल्हापुरात शिकायला फार सोपी. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती झाली, हे आपल्याकडं घरोघरी विचारतात. ३९ फूट इशाऱ्याची, ४३ फूट धोक्याची. एका दिवसाच्या आकड्यावर कुणी नदीचा कल ठरवत नाही, दोन-तीन दिवसांचा ओघ बघतात. मूव्हिंग ॲव्हरेज म्हणजे तेच. बनवलेले आकडे घेऊ: सात दिवस, ३१, ३४, ४०, ४३, ४०, ३७, ३४ फूट. पहिल्या तिघांची बेरीज १०५. पुढची बेरीज नव्यानं करायची नाही. गेलेला ३१ वजा, आलेला ४३ मिळव, ११७. मग ३४ वजा, ४० मिळव, १२३. पुढं १२० आणि १११. सरासऱ्या ३५, ३९, ४१, ४०, ३७. सात आकड्यांना पाच सरासऱ्या, पहिली आणि शेवटची जागा रिकामी. ती रिकामीच ठेवायची, तिथं मनानं काही भरायचं नाही. चारची मूव्हिंग ॲव्हरेज आली तर सरासरी दोन ओळींच्या मध्ये पडते, म्हणून पुन्हा दोन-दोनची सरासरी घेऊन मध्यावर आणायची. तिथं वर दोन आणि खाली दोन जागा रिकाम्या.

लीस्ट स्क्वेअर्सच्या, म्हणजे कलाची सरळ रेषा काढायच्या, रीतीत सगळा खेळ मधल्या वर्षाचा. वर्षं विषम असतील तर मधलं वर्ष शून्य. सम असतील तर उणे ३, उणे १, १, ३ असं मांडायचं. या स्तंभाची बेरीज शून्य आली की अर्धं गणित तिथंच सोपं होतं.

संभाव्यता वितरणांत गणित करणं अवघड नाही, ओळखणं अवघड आहे. किती वेळा प्रयोग केला तो ठरावीक आकडा आणि यशाची शक्यता, दोन्ही दिलेलं असलं की बायनॉमियल. नुसती सरासरी दिलेली असली, तासाला इतके फोन, पानाला इतक्या चुका, की पॉयसन. बायनॉमियलमध्ये व्हेरियन्स, म्हणजे आकडे किती पसरलेत त्याचं माप, सरासरीपेक्षा कमीच असतो. सरासरी ६, व्हेरियन्स ४ दिला तर ४ भागिले ६ म्हणजे अपयशाची शक्यता दोन-तृतीयांश, यशाची एक-तृतीयांश, आणि एकूण प्रयोग १८. पॉयसनमध्ये दोन्ही समान. "किमान एक" असं वाचलंस की एकातून शून्याची शक्यता वजा कर, एक-दोन-तीन मोजत बसू नको.

असाइनमेंटमध्ये, म्हणजे कुठलं काम कुणाला दिलं की खर्च कमी होतो त्या गणितात, एकच गोष्ट सांगते, कारण बाकी तुला येत असणार. शेवटचा खर्च मूळ तक्त्यातून घ्यायचा. मुलं वजाबाक्या करून शून्यांपर्यंत नीट येतात आणि मग कमी केलेल्या तक्त्याचेच आकडे बेरजेला धरतात. मूळ तक्त्याभोवती पेनानं चौकट कर. सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे दोन मशीनवर कामांचा क्रम लावताना, सगळ्यात लहान वेळ शोधायची. ती पहिल्या मशीनची असेल तर ते काम सुरुवातीला, दुसऱ्या मशीनची असेल तर शेवटाला. शेवटी एकूण वेळेतून दुसऱ्या मशीनच्या कामाची बेरीज वजा केली की तिचा रिकामा वेळ मिळतो, तो तुझ्या तक्त्याशी जुळव.

मोबाईल. बोर्डाच्या या पेपराला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. मग आतापासून मोबाईल बंद. पहिले चार दिवस फार चिडशील, वेळ दुप्पट लागेल. लागू दे. तीन तासांत ८० गुण, म्हणजे चार गुणांच्या गणिताला नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत हाताचे गुणाकारही बसायला हवेत. लॉग टेबल आत्ताच घरी वापरायला लाग, परीक्षेच्या दिवशी त्याची पानं पहिल्यांदा उलटू नको.

आणि इथं आबांचं नाव येतं. तुझ्या घरात दिवाणजी आहेत आणि तू गुणाकाराला मोबाईल शोधतेस! अडत दुकानात गुळाच्या रव्यांचा हिशेब, अडत, हमाली, तोलाई हे सगळं ज्याच्या हातून वर्षानुवर्षं जातं, त्या माणसाला मार्क सांगायला घाबरू नको. आज रात्री सांग. प्रिलिमचा पेपर त्यांच्यासमोर ठेव आणि कुठं काय चुकलं ते तूच दाखव. मग म्हण, "आबा, रोज झोपायच्या आधी मला दहा हिशेब घाला." कमिशन आणि ब्रोकरेजचा धडा तर त्यांच्याच भाषेत आहे. साडेतीन टक्क्यानं ४,८०० वर किती, हे ते कागद न घेता कसं काढतात ते विचार. पुस्तकात नसलेल्या दोन-तीन युक्त्या तुला घरातच मिळतील.

"आमच्यासारख्यांच्या डोक्यात आकडे बसत नाहीत" हे मात्र परत लिहू नको. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग ज्यांनी उभा केला आणि ज्यांना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं, ते वसंत शंकर हुजूरबाजार आपल्या कोल्हापूरचेच. त्यांच्याएवढं व्हावंस असं मी म्हणत नाही. पण हा विषय बाहेरच्या कुणाचा आणि आपल्याला परका, असं समजण्याचं काही कारण नाही.

पहिले तीन आठवडे चिठ्ठ्यांचा डबा. शेवटचे दोन आठवडे दर रविवारी एक पूर्ण पेपर, मागच्या वर्षीचा, तीन तास घड्याळ लावून. खोलीचं दार बंद, पाणी जवळ. प्रत्येक प्रश्न नव्या पानावर सुरू करायची सवय कर, बोर्ड तसंच मागतं. वस्तुनिष्ठ प्रश्नांत, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या प्रश्नात, पहिला लिहिलेलाच प्रयत्न धरतात. म्हणून तिथं आधी कच्च्या जागेत कर, खात्री झाल्यावरच उत्तर लिही. सूत्र आणि तक्ता स्वच्छ लिही, कारण उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण हाती राहतात. पेपर झाला की त्याच दिवशी तपासू नको. सोमवारी तपास आणि प्रत्येक चुकीपुढं एक शब्द लिही: ओळखलं नाही, सूत्र, आकडेमोड, की घाई. कुठला शब्द जास्त वेळा आला त्यावर पुढच्या आठवड्याचा डबा भर.

पहिल्या रविवारचा पेपर झाला की मला त्या चार शब्दांची मोजणी पाठव. नुसते गुण कळवू नको. आणि आबांनी साडेतीन टक्के कसे काढले तेही लिही, मला हवंय.

— तुझी मावशी